तुलाच सांगते, देवा

सावेडीतल्या आमच्या महिला मंडळात परवा एका तरुण आईने मला विचारलं, "मावशी, मुलांना देवाची गोडी कशी लावायची हो?" तिच्या मांडीवर वही होती, पेनाचं टोपण काढलेलं होतं. मी चार मुद्दे सांगणार, ती लिहून घेणार आणि सोमवारपासून तिच्या घरात भक्ती सुरू होणार, असा एकंदर बेत दिसत होता. माझा स्वभाव मुळातच तिरसट. "आधी ती वही मिटव," मी म्हटलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं, आणि मग मलाच वाईट वाटलं, कारण ती मनापासून विचारत होती. पण माझ्याकडे मुद्दे नाहीत. माझ्याकडे बाहत्तरच्या दुष्काळातले पाच दिवस आहेत आणि त्या पाच दिवसांत माझं देवाशी बोलणं कायमचं बंद पडायला आलं होतं.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूला, कोरड्या मुलखात. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची सात-आठ घरं आणि पत्र्याचं एक छोटं देऊळ. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणत. वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते गवंडी होते, पण प्यायलाच पाणी नाही तिथं भिंती कोण बांधणार? तेव्हा आण्णा सरकारी दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जायचे. घरात आई, मी, पाच वर्षांची धाकटी आणि आईच्या अंगावर पिणारं तान्हं बाळ.

आईला शाळा फार नव्हती. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना ती ओळीवर बोट ठेवून वाचायची आणि जोडाक्षर आलं की थांबून श्वास घ्यायची. पण देवाच्या बाबतीत तिचे नियम पक्के होते. दिवेलागणीला भाकरी करून टोपल्यात झाकून ठेवायची, रॉकेलची चिमणी पेटवायची, गोणपाट अंथरायचं आणि सगळ्यांनी बसायचं. सुरुवात सगळ्यात लहान माणसाने करायची, मग त्याहून मोठ्याने, मग आण्णांनी आणि शेवटी आईने. पाठ केलेली प्रार्थना तिला चालत नसे. "पोपटावानी बोलू नगं," ती म्हणायची. "आज काय झालं ते सांग त्याला. त्यो काय परका हाय व्हय?"

म्हणून आम्ही काहीही सांगायचो. धाकटीने एकदा देवाकडे शेजारणीच्या कोंबडीची तक्रार केली होती, ती डोळे वटारून बघते म्हणून. मी एकदा गुरुजींना ताप येऊ दे असं मागितलं. आण्णांच्या खांद्यांना हसू फुटलेलं मला बंद डोळ्यांतूनही कळलं, पण आईने हूं की चूं केलं नाही. कारण तिचा दुसरा नियम असा होता की प्रार्थनेत सांगितलेली गोष्ट प्रार्थनेतच राहायची. त्यावरून नंतर कुणी चिडवायचं नाही, रागवायचं नाही, मारायचं तर नाहीच. या नियमाचा आम्ही घेता येईल तेवढा गैरफायदा घेतला. गूळ चोरून खाल्ला की संध्याकाळी मी डोळे मिटून देवाला सगळं सांगून टाकायचे आणि आईच्या हाताला काही काम उरायचं नाही. ती नुसती दात आवळून "आमेन" म्हणायची.

आणखी एक गोष्ट आमच्या घरी रोज व्हायची. दळणाला धान्य सुपात घेतलं की त्यातली पहिली मूठ देवाची. ती चुलीशेजारच्या गाडग्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या घरांची गाडगी देवळात रिकामी व्हायची आणि ते धान्य गरजवंताच्या घरी जायचं. मूठ टाकायचं काम आई आम्हा पोरींना द्यायची. माझी मूठ धाकटीपेक्षा मोठी, याचा मला भारी तोरा होता.

या मुठीत आईचा जीव अडकलेला होता, आणि त्याला कारण होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तिच्या आईने चार लेकरं अशाच देवळातल्या मुठीच्या धान्यावर वाढवली. आई सांगायची, धान्य घरी यायचं त्या दिवशी तिची आई दार लावून घ्यायची, कुणी बघू नये म्हणून. लग्न होऊन आली तेव्हा आईने मनाशी ठरवलं होतं की आता आपण देणाऱ्यांत, परत घेणाऱ्यांत जायचं नाही. म्हणून दुष्काळातही तिने मूठ बंद केली नाही. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी लाकडासारखी व्हायची आणि तीही पोटभर नसायची. "या साली ऱ्हाऊ दे मूठ," आण्णा एकदा म्हणाले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते विषय सोडून उठले.

त्या शनिवारी प्रार्थना झाली, जेवणं झाली. आई नेहमीसारखी म्हणाली होती की तिने चुलीपाशी आधीच खाल्लं. आण्णा बाहेर ओट्यावर बसले होते. मी पाण्याची कळशी झाकायला आत गेले तर आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. पीठ मळलेली परात तिने थोड्याशा पाण्याने धुतली, त्या तांबूस पाण्यात मीठ टाकलं आणि परातच तोंडाला लावली. प्यायल्यावर बोटाने परातीची कड पुसून बोट चाटलं.

मी उभीच राहिले. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला. आईचा तसा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता आणि मला तिची भीतीच वाटली.

"तू भाकर खाल्ली न्हाईस?" मी विचारलं.

तिने मला जवळ ओढलं. "हे बघ, कुनाला सांगायचं न्हाई. आण्णाला तर न्हाईच न्हाई. त्यांला कळलं तर ते त्यांची भाकर मला देतील, अन् मग त्यांनी खडी कशाच्या जोरावर फोडायची? पाऊस पडंस्तवर चालायचंच. मला काई हुत न्हाई."

बाळ पलीकडे किरकिरत होतं. हल्ली ते पिता पिता मध्येच सोडून रडायचं. तान्ही पोरं रडतातच, असं मला वाटत होतं. त्या क्षणी मला ते रडणं कळलं. मी कबूल केलं की कुणाला सांगणार नाही, आणि खरंच माझ्या मनात कुणाला सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारची प्रार्थनासभा दर आठवड्याला एकेका घरी असायची आणि त्या दिवशी पाळी आमची होती. आईने सकाळीच अंगण सारवलं. पाणी नव्हतं म्हणून शेणात हात जपून फिरवला, पण सारवलं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, सायकलवरून आले, मागे कॅरियरवर त्यांच्या पत्नी पाळकीणबाई. आमच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांना "सलाम, सलाम" करत सगळ्या घरची माणसं आली आणि आमच्या एका खोलीत पंधरा-सोळा जण दाटीवाटीने बसले. चुलीवर बिनदुधाचा गुळाचा चहा उकळत होता. गीतं झाली, वचन झालं, आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "आज आपली ही लेक प्रार्थना करील. हिच्या आईनं पोरींना चांगलं वळण लावलंय, असं ऐकतो आम्ही."

आईने पदर सारखा केला. ती फुलून गेली होती, हे मला दिसलं. मीही फुलले. मी डोळे मिटले, हात जोडले आणि रोज गोणपाटावर बसून बोलायचे तशीच बोलायला लागले. शनिवारपासून मनात एकच गोष्ट घोळत होती, ती आपसूक तोंडात आली.

"देवा, आई जेवत न्हाई. आमाला वाढती अन् म्हनती, मी आधी खाल्लं. पर ती खात न्हाई. परात धुतलेलं पानी मीठ घालून पिती. बाळाला दूध पुरत न्हाई म्हनून ते रडतं. आई म्हनली, कुनाला सांगायचं न्हाई. म्हनून मी कुनालाच सांगितलं न्हाई, देवा, तुलाच सांगते. तू पन कुनाला सांगू नगं. आमेन."

आज हे लिहिताना हसू येतं. पंधरा माणसांच्या मधोमध बसून मी देवाला गुपित सांगत होते! पण मला खरंच वाटत होतं की प्रार्थनेतलं प्रार्थनेतच राहतं. आईनेच तसं शिकवलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला कुठं कळणार की तो नियम आमच्या गोणपाटापुरताच होता?

माझ्यामागून कुणीच "आमेन" म्हटलं नाही. मी डोळे उघडले. बायका आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या. आण्णा दाराशी बसले होते आणि आईकडे टक लावून पाहत होते. आई चुलीकडे वळली होती, जणू चहा उतू चालला होता. पाळकसाहेबांनी खाकरून आशीर्वाद दिला आणि माणसं पाचच मिनिटांत पांगली. चहा पातेल्यात तसाच राहिला.

त्या संध्याकाळी आण्णांनी आपली भाकरी आईच्या ताटात ठेवली. आईने ती परत त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी पुन्हा ढकलली. "इतके दिस माझ्यासमोर खोटं बोललीस," आण्णा म्हणाले. "मी जेवत हुतो अन् तू बघत हुतीस. मला काय समजलीस तू?" आई म्हणाली, "ती खडी मी फोडते का तुमी?" भाकरी दोघांच्या मधे पडून राहिली. घरात भांडण असताना प्रार्थनेला बसायचं नाही, हाही आईचाच दंडक. त्यामुळे चिमणी पेटली पण गोणपाट अंथरलंच नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडलं.

आईने मला मारलं नाही. रोजच्यासारखी वेणी घातली, पण वेणी घालताना काही बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, घरातला देव मी फोडला. कपबशी फुटते तसा.

सोमवारी दुपारी पाळकीणबाई चालत आल्या. कडेवर धान्याची पिशवी. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली. आईने पिशवीकडे बघितलं आणि काय ते तिला कळलं.

"हे मुठीचं हाय," ती म्हणाली. "हे गरजवंताचं. माघारी न्या, बाई."

"मग तुमी कोन?"

"मी टाकनारी हाय," आई म्हणाली. मान ताठ होती.

पाळकीणबाई उन्हातच उंबऱ्यावर बसल्या. त्या शांत बाई होत्या, ओरडून बोलायच्या नाहीत. "तुमच्या मुठी मी दर म्हयन्याला घरोघर पोचवते," त्या म्हणाल्या. "घेनाऱ्या बाया रडतात. मी त्यांला म्हनते, लाजू नगा, देनाऱ्यांनी मायेनं दिलंय. आता तुमीच लाजत असाल तर मी त्यांला खोटं बोलत आले म्हना की." बाई पिशवी न उचलताच निघून गेल्या.

पिशवी उंबऱ्यावरच राहिली. आईने ती आत घेतली नाही आणि परतही पाठवली नाही. आण्णांनीही हात लावला नाही. ते म्हणाले, "तिनं म्हनल्याबिगर मी उचलायचो न्हाई." दोघंही हट्टाला पेटलेली माणसं, आणि मधल्या मधे आमचे हाल. शेजारणीच्या कोंबड्यांनी पिशवीला टोचा मारायला सुरुवात केली तेव्हा मी हातात काठी घेऊन राखणीला बसले. डोळे वटारणारी ती कोंबडी सगळ्यांत पुढे होती. भुकेच्या घरात धान्याची पिशवी दारात पडलेली आणि नऊ वर्षांची पोर तिची कोंबड्यांपासून राखण करतेय, हे दृश्य देवाने वरून बघितलं असेल तर त्याने कपाळाला हात लावला असेल.

मंगळवारी आण्णांना कामावर भोवळ आली. दोन माणसं त्यांना धरून घरी घेऊन आली. दुपारी कामावर खायला मिळणारी सुकडी, ते गोडसर कोरडं पीठही ते फडक्यात बांधून आणत होते, आईसाठी, आणि आई ती आम्हा पोरींना वाटून टाकत होती. म्हणजे आता घरात दोन माणसं उपाशी होती, आणि दुसरं माणूस माझ्या तोंडामुळे उपाशी होतं. बाळाचं रडणंही आता बारीक झालं होतं. मला रात्रंदिवस एकच धास्ती की यांतलं कुणीतरी मरणार, आणि ते माझ्यामुळे मरणार.

बुधवारी दिवेलागणीला आईने चिमणी पेटवली आणि भिंतीला टेकून बसली. आण्णा कांबळ्यावर पडले होते. तेवढ्यात धाकटी उठली, कोपऱ्यातलं गोणपाट तिने फराफरा ओढत आणलं, वाकडंतिकडं पसरलं आणि मधोमध मांडी घालून बसली. सगळ्यात लहान तीच, सुरुवात तिची. तिला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"देवा," ती म्हणाली, "आमच्या घरात कुनी बोलत न्हाई. मला करमत न्हाई. आमेन." मग ती माझ्याकडे वळली. "आता तुजा नंबर."

मी गोणपाटाच्या कडेला बसले. डोळे मिटले, पण तोंडातून शब्द निघेना. तीन दिवस साठवलेलं रडू एकदम फुटलं आणि त्यातूनच मी बोलले, "देवा, चुकले मी. इथून पुढं मी तुला कदीच काई सांगनार न्हाई. खरं सांगितलं की घर मोडतं. मी नुसतं पाठ केलेलं म्हननार."

मला वाटलं होतं की आईला हे ऐकून बरं वाटेल. डोळे उघडले तर आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली ती भुकेची नव्हती. उपाशी राहून ती घर सांभाळत होती, आणि डोळ्यांदेखत तिच्या हातून माझं देवाशी बोलणंच निसटत होतं. हे मला आज शब्दांत सांगता येतं. तेव्हा एवढंच कळलं की मी काहीतरी फार वाईट बोलले.

आई भिंत सोडून पुढे सरकली आणि गोणपाटावर माझ्या शेजारी बसली. पाळी आण्णांची होती. ते कांबळ्यावरून उठून बसले, पण आईने हाताने त्यांना थांबवलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिने डोळे मिटले. रोजची तिची प्रार्थना मला तोंडपाठ होती: धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद. भाकरीसाठी धन्यवाद, पोरींसाठी धन्यवाद, घोटभर पाण्यासाठी धन्यवाद. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिने बाळाला छातीशी धरलं. मग म्हणाली, "देवा, मला भूक लागली हाय." थांबली. जोडाक्षरापाशी थांबायची तशी थांबली आणि श्वास घेतला. "लई दिसांची लागली हाय. मला लाज वाटती म्हनून बोलले न्हाई. तुला बी न्हाई. पोरीनं सांगितलं ते खरं हाय." तिचा हात माझ्या पाठीवर आला, आणि मग तिला पुढचं बोलताच आलं नाही.

"आमेन" कुणी म्हटलं ते आठवत नाही. बहुधा कुणीच नाही. आण्णा उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि त्यांनी उंबऱ्यावरची पिशवी आत आणली. आईच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून जात्याशी ते स्वतःच बसले, गवंड्याचे ते खरबरीत हात खुंट्याला, आणि समोरून मी. आमच्या गावात पुरुषमाणूस जात्याला हात लावत नसे. शेजारीण आवाज ऐकून डोकावली, आण्णांना दळताना बघून तोंडाला पदर लावून गेली. आण्णांनी मान वर केली नाही. भाकरीही त्यांनीच थापली. ती परातीतच दोनदा मोडली, तव्यावर एका बाजूने करपली. धाकटी पहिल्या भाकरीला हात घालायला गेली तर ते म्हणाले, "आधी आईला."

आई लाजत नव्हती आता. करपलेली भाकरी, मीठ, मिरची. दोन्ही हातांनी मोडून ती खात होती, घाईघाईने, मधे एकदा ठसका लागेपर्यंत. आण्णांनी पाणी पुढे केलं. आम्ही पोरी समोर बसून बघत होतो. नऊ वर्षं मी त्या घरात तिच्या हातचं जेवले होते आणि माझी आई जेवताना कशी दिसते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.